तीन फोन, एक खातं

"दस्तगीर, तुझ्या पोरीनं माझ्या फोनचं काय करून ठेवलंय बघ! हा मेला मला बहिरी समजतो."

बाई दुकानाच्या पायरीवरूनच बोलायला लागल्या. मागे त्यांची शिष्या हेमांगी, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात बाईंची पर्स घेऊन, ऊन चुकवत उभी होती. अब्बा तानपुऱ्याच्या घोडीवर कानस फिरवत होते. त्यांचा हात थांबला.

बाई म्हणजे कुमुदिनीबाई आठल्ये. मिरजेत नुसतं 'बाई' म्हटलं की त्याच. गेली तीस वर्षं त्यांचे तानपुरे आमच्याकडे, म्हणजे फक्त अब्बांकडे, जवारीला यायचे. ज्या घोडीवर तारा टेकतात तिचा माथा केसाएवढा घासत जायचं, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. तार नुसती न वाजता गुंजत राहायला लागली की जवारी लागली. सगळा खेळ कानाचा. आमच्या गल्लीत वाद्यं करणारी वीस-बावीस घरं होती, पण जवारीला बाहेरगावचे गवई अब्बांचंच नाव विचारत यायचे.

मी बाईंच्या हातातून फोन घेतला. त्यांनी एक जुनी मैफल लावली होती आणि मैफलीच्या आधी जाहिरात चालू होती. एक आजोबा सोफ्यावर बसलेले, सून हाक मारते, यांना पत्ता नाही. मग कोणीतरी त्यांच्या कानात छोटं मशीन घालतं आणि अख्खं घर खदाखदा हसायला लागतं.

"मी गाणं ऐकायला बसले की हा म्हातारा हजर," बाई म्हणाल्या. "काल तीनदा आला. मी काय याला पत्र घालून बोलावलं होतं?"

"बाई, वय बघून दाखवतात या जाहिराती."

"माझं वय याला कुणी सांगितलं? मी नवऱ्याला नव्हतं सांगितलं खरं वय!"

मी हसले. हेमांगीही हसली. अब्बा हसले नाहीत, कानस पुसत राहिले. मी ते पाहिलं, पण त्याचं काही मनावर घेतलं नाही. तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं.

ही दोन हजार सतराची गोष्ट. नेट एकदम स्वस्त झालं होतं आणि ज्यानं त्यानं मोठ्या काचेचा फोन घेतला होता. बी.कॉम. होऊन मी घरी बसले होते, म्हणून गल्लीची 'फोनवाली' मीच. फोन चालू करायला खातं लागायचं, खात्याला ईमेल लागायचा, आणि ईमेल तर कोणाकडेच नव्हता. मी अब्बांच्या फोनला जे खातं काढलं तेच माझ्या फोनला टाकलं. म्हटलं, वाद्यांचे फोटो दोघांकडे राहतील. बाई नवा फोन घेऊन आल्या तेव्हा त्यांना नवं खातं काढायला घेतलं, तर त्याचा कोड त्यांच्या पुण्याच्या मुलाच्या नंबरावर जायचा आणि मुलगा फोन उचलेना. बाईंना घाई. मग तेच आपलं आमचं खातं त्यांच्याही फोनला टाकून दिलं. तीन फोन, एक खातं, एक पासवर्ड. फोन चालला, बाईंनी मला शंभर रुपयांचा खाऊ दिला, विषय संपला.

दहा दिवसांवर बाईंच्या पंच्याहत्तरीचा कार्यक्रम होता. दोन्ही तानपुरे त्यासाठीच आमच्याकडे होते. बाई रिक्षात जाऊन बसल्या आणि हेमांगी तानपुऱ्यांच्या कापडी गवसण्या धुवायला न्यायच्या म्हणून मागे राहिली.

"तहसीन, तुझ्या फोनवर येतात का गं असल्या जाहिराती?" तिनं हळूच विचारलं.

येत होत्या. महिनाभर येत होत्या, पण मी त्या बोटानं सरकवून देत होते. आता माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"अगं, खातं एकच आहे ना! तिघांपैकी कोणीतरी कानाच्या मशीनचं शोधलंय. एकानं शोधलं की तिघांना दिसणार. मी तर शोधलं नाही. अब्बांना टाइप करता येत नाही. राहिलं कोण?"

आणि मी डोळे मिचकावले. हेमांगीनं मात्र ते हसण्यावारी नेलं नाही. ती गवसण्या छातीशी धरून गेली.

गवयाचा घसा बसला तर लोक हळहळतात. पण कान गेला असं कळलं की लोक हसतात. हे मला अब्बांच्या पोटी जन्माला येऊन कळायला हवं होतं.

चौथ्या दिवशी, गुरुवारी, हेमांगी एकटीच आली. चेहरा उतरलेला. अब्बा आत जेवत होते.

"बाई गाणार नाही म्हणतायत," ती म्हणाली.

मला काही उमजेना. मग तिनं सगळं सांगितलं. बाईंना अवघड जाऊ नये म्हणून तिनं कार्यक्रम करणाऱ्यांना गुपचूप सांगितलं होतं की बाईंच्या अगदी जवळ एक मोठा स्पीकर ठेवा, त्यांना जरा कमी ऐकू येतं. त्यांनी बाईंनाच फोन करून विचारलं, स्पीकर डावीकडे ठेवू का उजवीकडे?

"चिडल्या?"

"चिडल्या असत्या तर बरं झालं असतं गं. गप्प झाल्या. परवापासून मनगटावरचं घड्याळ काढून कानाला लावून बसतात. एकदा या कानाला, एकदा त्या कानाला. म्हणतात, मशीनला कळलं, तुला कळलं, म्हणजे असणारच काहीतरी, मलाच कळत नसेल. पन्नास वर्षं जिचा सूर हलला नाही ती बाई काल षड्ज लावताना मला विचारते, बरोबर आहे का गं?" हेमांगीला रडू फुटलं. "उद्या संध्याकाळी कार्यक्रम रद्द म्हणून कळवणार आहेत."

बाईंनी खरंच शोधलं असेल का, ही शंका मला तेव्हा पहिल्यांदा आली. आपल्या कानाबद्दल आधीच शंका असलेली बाई अशी चवताळून दुकानात येईल कशाला?

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. अब्बा जुम्म्याच्या नमाजाला गेले. अम्मी मावशीकडे होती. मी दुकानाची फळी अर्धी लावली आणि खात्याच्या आतलं एक पान उघडलं. असं पान असतं हे मला आदल्या दिवशी कॉम्प्युटर क्लासच्या सरांनी सांगितलं होतं. त्या खात्यावरून कोणी काय शोधलं, केव्हा शोधलं, सगळं तारीखवार तिथं ओळीनं लिहून ठेवलेलं. मी दुपट्ट्याची किंमत शोधली होती तेही, बाईंनी ऐकलेल्या मैफलीही. आणि मध्ये मध्ये काही ओळी होत्या ज्यांच्यापुढे माइकचं चित्र होतं आणि एक छोटं त्रिकोणी बटण. मी बटण दाबलं.

"कान की मशीन."

अब्बांचा आवाज. घरात आम्ही आमची दखनी बोलतो. इथे मी मराठीतच सांगतेय, पण अब्बांचे ते शब्द मराठीत करायला माझा जीव होत नाही.

अब्बांना टाइप करता येत नव्हतं. पण माइकचं बटण दाबून बोलायला मीच शिकवलं होतं, तानपुऱ्याच्या भोपळ्यांचा भाव विचारायला. ते मी साफ विसरले होते.

दुसरं बटण. "कान का डाक्टर. मिरज में नको, कोल्हापूर में."

तिसरं. "मशीन लगाए तो लोगां कू दिखती क्या?"

चौथं, हळू आवाजात, मागे कावळा ओरडतोय, म्हणजे गच्चीवरून. "बारीक आवाजां सुनने नईं आते. फिर कब आते?"

पाचव्यात बोलणं नव्हतं. तानपुऱ्याची तार एकदा छेडली. थोडं थांबून पुन्हा छेडली. मग बराच वेळ काही नाही. मग अब्बांचा श्वास आणि "या अल्ला". त्याच्यासमोर फोननं लिहिलं होतं, 'समजले नाही. पुन्हा प्रयत्न करा.'

गेलं वर्षभर अब्बा मला हातातलं काम टाकायला लावून बोलावत होते. "ये, बघ लागली का? नीट ऐक. अजून घासू?" मला वाटायचं, मुलगी असूनही मला कसब शिकवतायत. केवढा अभिमान वाटायचा मला! मी मैत्रिणींना सांगत सुटले होते.

अब्बा आले, टोपी काढून खुंटीला लावली. मी फोन त्यांच्या कानाजवळ धरला आणि तिसरं बटण दाबलं.

ते ऐकून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हा मीच?"

"व्हय."

"हे सगळं ठेवून घेतं?"

"सगळं."

"आणि सांगतं कोणाला?"

"ज्याला मशीन विकायचं आहे त्याच्या कामाला येतं. मग त्याची जाहिरात आपल्याला दिसते. आणि खातं एकच म्हणून बाईंनाही दिसली."

अब्बा खाली बसले. रागावतील असं वाटलं, पण रागावले नाहीत. त्यांना लाज वाटत होती, आणि मला ते बघवत नव्हतं.

"मी तुझ्या अम्मीलाही बोललो नव्हतो," ते म्हणाले. "माणसाला सांगितलं की गल्लीत होतं. डॉक्टरला सांगितलं की त्याच्या कंपाउंडरला कळतं. म्हटलं, याला विचारावं. याला तोंड कुठं आहे?"

मग मी माझं पाप सांगितलं. हेमांगीपाशी काय बोलले, बाईंनी घड्याळ कानाला कसं लावलंय, आज संध्याकाळी कार्यक्रम कसा रद्द होणार आहे. मी सांगत होते आणि अब्बा माझ्या ओठांकडे बघत होते. हेही मला त्याच दिवशी दिसलं, की ते बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघतात.

ते उठले. खुंटीवरची टोपी परत घातली.

"दोन्ही तानपुरे घे."

"अब्बा, बाईंना सांगितलंत तर..." जवारीवाल्याला ऐकू येत नाही, हे एकदा बाहेर गेलं की आमच्या पायरीवर कोण चढणार होतं? तीस वर्षांचं नाव एका दुपारी गेलं असतं.

"बाई रोज स्वतःला बहिऱ्या समजून उठतायत," अब्बा म्हणाले. "तू रिक्षा बघ."

ब्राह्मणपुरीत बाईंच्या खोलीत पडदे ओढलेले होते. बाई पलंगावर बसल्या होत्या. केसही नीट विंचरलेले नव्हते. अशा त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. हेमांगी भिंतीला टेकून उभी होती. आम्हाला पाहून बाई म्हणाल्या, "कशाला आणलेस रे तानपुरे? आता कशाला हवेत?"

अब्बा दाराशीच बसले.

"बाई, ते फोनचं मशीन तुमच्या कानाचं बोलत नव्हतं. माझ्या कानाचं बोलत होतं. मी विचारत होतो त्याला. या पोरीनं एकच खातं टाकलं, म्हणून माझं दुखणं तुमच्या फोनात आलं."

बाईंना पटायला वेळ लागला. मी सगळं समजावून सांगितलं, तारखा दाखवल्या. आवाज मात्र ऐकवले नाहीत, ते मला नको वाटलं.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"सव्वा वर्ष."

"म्हणजे गेल्या गुढीपाडव्याला जवारी काढलीस ती..."

"हात माझा होता बाई. कान हिचा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग अब्बांकडे. आणि एकदम कडाडल्या, "गाढवा! चार दिवस मी घड्याळ कानाला लावून बसलेय! जीव गेला असता माझा!" बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते त्यांनी पदरानं पुसलं आणि हात पुढे केला. "आण इकडे तो."

त्यांनी तानपुरा मांडीवर घेतला, डोळे मिटले आणि तारा छेडल्या. एकदा, दोनदा. खोलीत सूर भरला. आम्ही तिघंही बघत होतो. बाईंचं तोंड हळूहळू पूर्वीसारखं करारी होत गेलं.

"पंचमाची तार जरा जास्त खुली आहे," त्या म्हणाल्या. "इथंच बसून उतरव."

"बाई, आता दुसऱ्या कोणाला दाखवलंत तर बरं. मी..."

"दुसरा कोण? दुसऱ्याकडे तुझा हात आहे का?"

अब्बांनी खिशातून कानस काढली. एकदा घासलं, तार छेडली आणि सवयीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवणार तेवढ्यात बाईंनीच नाही म्हणून मान हलवली. पुन्हा घासलं. पुन्हा नाही. पाचव्या-सहाव्या खेपेला बाईंनी हात वर केला, "बास!" अब्बांचा चेहरा तेव्हा जसा झाला तसा मी नंतर फक्त माझ्या लग्नात पाहिला.

निघताना बाई हेमांगीला आणि मला म्हणाल्या, "पोरींनो, आज इथं काय झालं ते कोणाला कळता कामा नये."

कार्यक्रम झाला. बाई सव्वादोन तास गायल्या. अब्बांचं नाव त्यांनी माइकवरून घेतलं, "माझी जवारी दस्तगीरची." हेमांगीनं आजपर्यंत कोणापाशी तोंड उघडलेलं नाही. अब्बा असेपर्यंत गल्लीत कोणाला काही कळलं नाही. आता बाई नाहीत, अब्बा नाहीत, आणि जवारी मी काढते हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून हे सांगायला हरकत नाही.

त्या शुक्रवारी बाईंकडून त्यांचा फोन मागून घेऊन परत आल्यावर मी तिन्ही फोन घेऊन गच्चीवर बसले. प्रत्येकाला वेगळं खातं काढलं. बाईंच्या मुलानं यावेळी फोन उचलला. माइक कोणकोण वापरतं, आपण कुठं आहोत हे कोणकोणाला कळतं, एकेक बघत बंद करत गेले. अब्बांच्या फोनातल्या टॉर्चच्या ॲपला आमच्या सगळ्या नातेवाइकांचे नंबर हवे होते, ते कशाला हे त्यालाच ठाऊक. ते काढून टाकलं. जाहिरातींसाठी फोनला दिलेला ओळख-क्रमांक बदलला. अब्बा शेजारी बसून बघत होते.

"आणि ते आवाज?" त्यांनी विचारलं.

"आहेत. पुसू?"

"पूस. एकही ठेवू नको."

फोननं मला दोनदा विचारलं, कायमचं हटवायचं का? मी दोनदा हो म्हटलं. ओळी एकेक करून गेल्या आणि पान कोरं झालं. मला त्या वेळी फार शहाणपणाचं काम केल्यासारखं वाटलं. अब्बांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. महिनाभरात तो सोफ्यावरचा म्हाताराही यायचा बंद झाला आणि त्याच्या जागी प्रेशर कुकर आले.

त्या दिवसानंतर अब्बा फोनसमोर कधी बोलले नाहीत. फोनवरून बोलायचं झालं तर 'दुकानात या' एवढंच म्हणून ठेवून द्यायचे. मी व्हिडिओ काढायला लागले की ओठांवर बोट ठेवायचे आणि मग हसायचे. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. माणूस समोर बसलेला असताना त्याचा आवाज साठवून ठेवावा असं कोणाला सुचतं?

अब्बांना जाऊन चार वर्षं झाली. माझ्याकडे त्यांचे दोनशेच्या वर फोटो आहेत. कानस चालवताना, भोपळा निवडताना, माझ्या मुलीला मांडीवर घेऊन. अकरा व्हिडिओ आहेत आणि सगळ्यांत ते गप्प आहेत. सहा वर्षांची माझी मुलगी परवा विचारत होती, "अम्मी, नाना कसे बोलायचे गं?" मी नक्कल करून दाखवली. ती माझीच वाटली. मला त्यांचे शब्द आठवतात, चढउतार आठवतो, पण आवाज येत नाही. जिच्या कानाच्या भरवशावर त्यांनी शेवटची सगळी वर्षं काढली, त्या मला त्यांचा आवाज आठवत नाही.

गल्लीतल्या बायका अजूनही फोन घेऊन माझ्याकडे येतात. मी त्यांना माइक बंद करायला शिकवते, जुनं पुसायला शिकवते, एका खात्यावर दोन फोन ठेवू नका म्हणून बजावते. त्यांची शिकलेली मुलं मागे उभी राहून हसतात. म्हणतात, "मावशी, काही उपयोग नाही. त्या कंपन्या कायमचं काहीच पुसत नाहीत. तुम्ही पुसलं तरी त्यांच्याकडे कुठंतरी ते असतंच."

खरंखोटं मला माहीत नाही. ती पोरं हे चिडून सांगतात, आणि त्यांच्या आया घाबरून माझ्याकडे बघतात. मीही काळजीचा चेहरा करते. पण मनातून मला फार वाटतं, की पोरं म्हणतात ते खरं असावं. ते पाच आवाज त्यांनी पुसलेले नसावेत.